माळ कॉलरच्या आत जाते, दाढी कुठे जाणार?

हवालदाराची लेक

बाबा माळकरी होते आणि पोलीस हवालदारही. हे ऐकून लोकांना हसू येतं, पण आमच्या लाईनीत असे पाच-सहा जण तरी होते. तुळशीची माळ एकदा घातली की उतरवायची नाही, आंघोळीला नाही की आजारपणात नाही. त्यामुळे परेडच्या सकाळी बाबांचा एक ठरलेला कार्यक्रम असे. बक्कल ब्रासोने घासून झालं, बुटात तोंड दिसायला लागलं, की आरशासमोर उभं राहून माळ बोटाने कॉलरच्या आत, गंजीखाली सरकवायची. कपाळावरचा बुक्का ओल्या रुमालाने पुसायचा. एखादा मणी बाहेर डोकावला तर आई दारातून आपल्या गळ्याला हात लावून खूण करायची. टर्नआउट, म्हणजे गणवेशाचा नीटनेटकेपणा, बघणाऱ्या साहेबांना माळ आहे हे पक्कं ठाऊक होतं. दिसत नव्हती ना, मग विषय मिटला.

बाबांच्या जोडीदाराला लाईनीत सगळे चाचा म्हणायचे. चाळिशीनंतर त्यांना दाढी ठेवावीशी वाटली. रीतसर परवानगी मागायची ठरलं. चाचांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून अर्ज बाबांनी लिहून दिला. आमच्या ओट्यावर बसून, गळ्यात माळ, समोर स्टेशन डायरीतून फाडलेला रेघांचा कागद. मी तेव्हा आठवीत होते, शेजारी बसून शुद्धलेखन बघत होते. "व्यवस्थित कापलेली, एक इंचापेक्षा कमी" असंही त्यात लिहिलं होतं. आठ महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. दलाची धर्मनिरपेक्ष प्रतिमा लक्षात घेता विनंती मान्य करता येत नाही.

हे जुनं आठवायचं कारण जालन्याच्या राज्य राखीव पोलीस दलातल्या शिपायाचं प्रकरण. २०१२ च्या मे महिन्यात त्याला नीटनेटकी दाढी ठेवायची परवानगी मिळाली आणि ऑक्टोबरात ती काढून घेतली. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुचवलं की धार्मिक काळापुरती दाढी ठेव आणि नोकरीवर परत ये. त्याच्या वकिलांनी सांगितलं, इस्लाममध्ये तात्पुरत्या दाढीची कल्पना नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण पुन्हा हातात घेतलं.

माझं म्हणणं असं. सरकारी गणवेशात धर्म दिसू नये हा नियम ऐकायला सगळ्यांना सारखा वाटतो, पण तो सारखा पडत नाही. ज्या धर्माची खूण कपड्याच्या आत जाते त्याला त्याचं काहीच वाटत नाही. ज्याची खूण चेहऱ्यावर किंवा डोक्यावर आहे तो अडकतो. शिवाय काही खुणा आपल्याला खुणा वाटतच नाहीत. वारीच्या बंदोबस्तातले पोलीस कपाळभर गंध लावून वारकऱ्यांबरोबर फुगडी घालतात, त्याचे व्हिडिओ आपण "खाकीतला माणूस" म्हणून पुढे पाठवतो. मलाही ते आवडतात. पण मग मनगटातल्या लाल दोऱ्याकडे बघणारं कोणीच नाही आणि दाढीवर मात्र फुटपट्टी, हे पटत नाही.

नौदलात कमांडिंग ऑफिसरची परवानगी काढली की कुठल्याही धर्माचा माणूस दाढी ठेवू शकतो. धर्म विचारतच नाहीत. पोलिसांत हे का चालू नये?

खडूस म्हातारा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. प्रतिसादांची शंभरी गाठणार धागा.

जुना फौजदार

ताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. पण तुमच्याशी सहमत नाही.

मी चौतीस वर्षं खाकी घातली. नवरात्रात एक शिपाई माझ्याकडे आला. साहेब, नऊ दिवस अनवाणी राहायचं आहे, बूट नको. मी म्हटलं, नऊ दिवसांची रजा टाक. श्रावणात दाढी वाढवून आलेल्यांनाही मी रोलकॉलमधून न्हाव्याकडे पाठवलं आहे, आणि त्यातले निम्मे माझ्या जातीचे नि गावचे होते. गावाला गेलो की अजून टोमणे ऐकतो. तेव्हा सगळ्यांची मोजपट्टी वेगळी असते असं सरसकट म्हणू नका.

आता मुद्दा. ९२-९३ च्या दंगलीत मी मुंबईत शिपाई होतो. गल्लीच्या तोंडाशी उभे राहिलो की समोरचा माणूस आधी आमच्या काठीकडे बघत नव्हता, आमच्या तोंडाकडे बघत होता. हा आपला की त्यांचा? त्या एका सेकंदात तो दगड मारायचा की मागे सरकायचं ते ठरवतो. मला त्या सेकंदात त्याच्या डोळ्यांसमोर फक्त खाकी हवी आहे. दाढी नको, टिळा नको, भगवा रुमाल नको, हिरवा नको. धर्मस्वातंत्र्य शिपायाला आहे तसं त्या गल्लीतल्या माणसालाही आहे, आणि तो बिचारा नोकरी सोडून दुसरीकडे जाऊ शकत नाही.

वारीतल्या फुगडीचं म्हणाल तर मलाही ते रुचत नाही. बंदोबस्ताला गेलेल्याने बंदोबस्त करावा.

खडूस म्हातारा

फौजदारसाहेब, तोंडाकडे बघायची काय गरज? छातीवर नेमप्लेट असते की. आडनाव वाचलं की धर्म कळतो, जात कळते, आणि पुष्कळदा तालुकासुद्धा. २०२५ मध्ये बीड पोलिसांनी जातीच्या भांडणापायी नेमप्लेटवरची आडनावं काढून नुसती पहिली नावं ठेवली. पहिल्या नावावरून धर्म कळत नाही असं कोणाला वाटत असेल तर त्याने हात वर करावा. खाकी कोरी कधीच नव्हती.

जुना फौजदार

नाव आई-बापांनी ठेवलेलं असतं. दाढी माणूस स्वतः ठेवतो. फरक आहे.

लिंबू सरबत

त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ सालचा. मुंबईच्या पोलिसांत मुस्लिमांविषयी मुळातच पूर्वग्रह होता असं त्यात स्पष्ट नोंदलेलं आहे. तेव्हा दाढ्या नव्हत्या, टिळे नव्हते, सगळी कोरी करकरीत खाकी होती. मग त्या कोऱ्या खाकीने गल्लीतल्या माणसाला नक्की काय दिलं? फौजदारकाका, रागाने विचारत नाही, खरंच विचारते आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिम साडेअकरा टक्के आहेत, पोलिसांत त्याहून बरेच कमी. भरतीच्या मैदानावर येणाऱ्या पोराला घरून सांगितलं जात असेल की तिकडे गेलास तर हे सोडावं लागेल, तर तो कशाला येईल? गल्लीला विश्वास वाटायला आपल्यातला कोणीतरी खाकीत दिसावा लागतो.

राष्ट्रप्रेमी७७

सेक्युलर हा शब्दच १९७६ साली आणीबाणीत घुसडलेला आहे. मूळ घटनेत नव्हता. त्यामुळे चर्चाच फोल.

वकील, नाइलाजाने

शब्द ४२ व्या दुरुस्तीने आला हे खरं. तो काढा म्हणणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ ला फेटाळल्या हेही खरं. शिवाय नोकरीत धर्मावरून भेदभाव नको हे सांगणारा अनुच्छेद १६ पहिल्या दिवसापासून आहे. तो मुद्दा इथेच ठेवू.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण प्रत्येक जण आपापल्या सोयीचं कलम धरून बसला आहे.

अनुच्छेद २५ ने धर्म आचरायचा हक्क दिला. त्याच अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात शिखांचं कृपाण नाव घेऊन लिहिलेलं आहे. इतर कुठल्याही धर्माची वस्तू तिथे नावानिशी नाही. पण सैन्यदलं आणि सुव्यवस्था राखणारी दलं यांच्यापुरते मूलभूत हक्क किती आवळायचे हे अनुच्छेद ३३ प्रमाणे संसद ठरवू शकते. म्हणून शाळेतल्या मुलीच्या हिजाबचा खटला आणि शिपायाच्या दाढीचा खटला एका दावणीला बांधता येत नाहीत.

हवाई दलातलं प्रकरण १५ डिसेंबर २०१६ ला निकाली निघालं. तिथल्या नियमानुसार ज्याच्या धर्मात केस कापायला किंवा दाढी करायला मनाई आहे, त्याला मुभा मिळते. न्यायालयाने विचारलं, इस्लाममध्ये अशी मनाई आहे का? वकिलांनी प्रामाणिकपणे सांगितलं, यावर वेगवेगळी मतं आहेत, त्यातल्या एका मताप्रमाणे दाढी ठेवणं चांगलं. झालं. "चांगलं" म्हणजे "मनाई" नव्हे, आणि जवान हरला.

उलट तामिळनाडूत जुलै २०२४ ला मद्रास उच्च न्यायालयाने मुस्लिम पोलीस शिपायाच्या बाजूने निकाल दिला. तो मक्केहून दाढी ठेवून परतला होता, खात्याने वेतनवाढ रोखली होती. तिथे १९५७ च्या पोलीस गॅझेटमध्ये मुस्लिमांना नीटनेटकी दाढी ठेवायची मुभाच होती. म्हणजे देश एक, घटना एक, आणि एका राज्यातली दाढी शिस्तीत बसते, दुसऱ्या राज्यातली बसत नाही. फरक कुराणात नाही, नियमपुस्तिकेत आहे.

मला खटकतं ते "तुमच्या धर्मात हे अत्यावश्यक आहे का" असं न्यायाधीशाने विचारणं. ताईंच्या वडिलांची माळ कोर्टात गेली असती तर काय झालं असतं? माळेशिवाय वारकरी नाही हे सिद्ध करायला कीर्तनकारांना पिंजऱ्यात उभं केलं असतं का? सरकारी वकील उलटतपासणीत विचारणार, ज्ञानेश्वरीत कुठल्या ओवीत लिहिलं आहे, ओवी क्रमांक सांगा.

म्हणून धर्म न विचारता सगळ्यांना एकच मुभा, हा ताईंचा नौदलाचा रस्ता मला वकील म्हणून बरा वाटतो. माणूस म्हणून फौजदारसाहेबांचा तो एक सेकंदही डोक्यातून जात नाही.

ज्ञानेश्वरीप्रेमी

ओवी क्रमांक! हसून मेलो. वाखुसा (वाचनखूण साठवली).

दख्खनी सरदार

मी नांदेडचा. घरात मराठी बोलतो, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. अशा चर्चेत दर वेळी आमची पगडी उदाहरण म्हणून बाहेर काढतात. एक बाजू म्हणते, शिखांना चालतं मग यांना का नाही. दुसरी म्हणते, शिखांचं वेगळं आहे. आम्हाला कोणीच विचारत नाही.

म्हणून माझ्याकडून एवढंच. आमची सूट मेहेरबानीतून आलेली नाही. इंग्रजांच्या फौजेत शीख भरती व्हायचे तेव्हा केस राखणं ही फौजेचीच अट होती. इंग्रजाला केसांचा पुळका नव्हता. केस राखणारा शीख त्याला जास्त भरवशाचा वाटायचा, एवढंच. दोन महायुद्धं आमच्या लोकांनी पगडीत काढली. आणि आजही पोलिसातला शीख घरची पगडी बांधून जात नाही. खाकी कापड, ठरलेली घडी, पुढे दलाचं चिन्ह. म्हणजे धर्म गणवेशाच्या रंगात आला. आमच्या मामांना ड्यूटीची पगडी बांधायला घरच्या पगडीपेक्षा जास्त वेळ लागायचा, एक जण टोक धरायला लागायचा, आणि तो एक जण बहुतेक वेळा मीच असायचो.

कॅनडातही १९९० मध्ये त्यांच्या लाल कोटवाल्या घोडेस्वार पोलीस दलाने पगडीला मान्यता दिली. त्याआधी केवढी सह्यांची मोहीम झाली होती, परंपरा बुडणार म्हणून. दल अजून आहे.

तर हिजाबला किंवा दाढीला गणवेशाचा रंग, माप, घडी ठरवून देता येते की नाही, यावर बोला. आमच्या नावाने भांडू नका.

बर्फातली बाई

कॅनडाचं निघालंच आहे तर मॉन्ट्रियलहून लिहिते. त्याच देशातली दुसरी गोष्ट.

क्युबेक प्रांतात २०१९ च्या जूनमध्ये कायदा झाला, विधेयकाच्या क्रमांकावरून सगळे त्याला "एकवीस" म्हणतात. सरकारी वकील, पोलीस आणि सरकारी शाळांचे शिक्षक यांनी कामावर धार्मिक चिन्ह घालायचं नाही. आणि हवालदाराच्या लेकी, तुझ्यासाठी यातली खरी गंमत अशी की चिन्ह दिसतं की नाही याला इथे अर्थ नाही. कपड्याच्या आत असलं तरी मनाई. तुझे बाबा इथे कॉलर लावून सुटले नसते. जे २७ मार्च २०१९ च्या आधीपासून नोकरीत होते त्यांना तीच नोकरी आहे तोवर मुभा. म्हणजे हिजाब घालणारी बाई आहे त्या वर्गात शिकवू शकते, पण बढती घेऊन मुख्याध्यापक झाली तर हिजाब काढायला हवा.

मी नंतर लागले. गणित शिकवते. पहिल्या दिवशी कागदांवर सह्या करताना माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं, दोन वाट्यांचं, काळे मणी, नेहमीचं. कायद्याची व्याख्या वाचली होती. श्रद्धेपोटी घातलेली वस्तू, किंवा बघणाऱ्याला वाजवीपणे धर्माची वाटेल अशी वस्तू. हात गळ्याकडे गेला. समोरच्या बाईंनी हसून विचारलं, किती सुंदर नेकलेस, भारतातला का? मी हो म्हटलं. एवढंच. आजतागायत कोणी काही विचारलेलं नाही, कारण ते काय आहे हे कोणाला माहीतच नाही. माझ्यानंतर मुलाखतीला आलेल्या मुलीच्या डोक्यावर रुमाल होता. ती माझ्यापेक्षा जास्त शिकलेली होती. तिला नोकरी नाही मिळाली. आता ती खाजगी शिकवण्या घेते. खाजगी शिकवण्यांना हा कायदा लागू नाही.

मी ते मंगळसूत्र काढलं नाही आणि खरं सांगितलंही नाही. त्या मुलीला मात्र तोंड चुकवते.

पण इथल्या लोकांना नुसतं वंशवादी म्हणून मोकळं होऊ नका. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या साठीच्या बाईंची आजी बारा बाळंतपणांची. दरवर्षी पाद्री घरी येऊन विचारायचा, यंदा पाळणा का हलला नाही? १९६० पर्यंत इथल्या शाळा, दवाखाने, सगळं चर्चच्या हातात. त्या पिढीने ते ओढून काढलं. तिला शिक्षिकेच्या डोक्यावरचा रुमाल बघून तो पाद्री आठवतो. मी तिला समजावू शकत नाही की रुमालवाली मुलगी पाद्री नाही, आणि ती मला समजावू शकत नाही की मी तिच्या आजीला भेटलेले नाही. कॉफी मात्र रोज एकत्र पितो.

आणि हो, त्यांच्या विधानसभेत अध्यक्षांच्या खुर्चीच्या वर १९३६ पासून क्रूस टांगलेला होता. आधी म्हणायचे तो वारसा आहे, धर्म नव्हे. कायदा झाल्यावर जुलै २०१९ मध्ये तो खाली काढला, कारण शिक्षिकेचा रुमाल काढायचा आणि तो ठेवायचा हे फारच उघडं पडत होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत वरच्या न्यायालयाने कायदा उचलून धरला. पुढच्या वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला घेतलं.

एक तलाठी

क्रूस खाली काढला म्हणता. आमच्याकडे २०१७ च्या जानेवारीत सरकारी कार्यालयांतले देवादिकांचे फोटो काढा असं परिपत्रक निघालं होतं. थोड्याच दिवसांत गुंडाळलं. आमच्या सजाच्या कार्यालयात गणपती, साईबाबा आणि जिल्हा बँकेच्या कॅलेंडरवरची लक्ष्मी आहे. गावातला बागवान सातबारा घ्यायला येतो तेव्हा तोही आधी गणपतीला हात जोडतो. श्रद्धेने की काम लवकर व्हावं म्हणून, हे मी विचारलेलं नाही.

म्हापशेकार

आमच्या गोंयात सिस्टर लोक, म्हणजे नन, झग्यात येऊन अनुदानित शाळेत शिकवतात. पगार सरकारी तिजोरीतून. माझी गणिताची सिस्टर होती, छडी दणदणीत मारायची. कोणी ख्रिस्ती झालं नाही, गणित तेवढं आलं. आता कोणी म्हणेल अनुदानित म्हणजे सरकारी नव्हे. बरं.

ओटी सिस्टर

इतका वेळ वाचते आहे, माझ्या खात्याचं कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. पंचवीस वर्षं सरकारी दवाखान्यात, त्यातली अठरा ऑपरेशन थिएटरात.

ओटीत एक नियम आहे, कोपराच्या खाली काहीही नको. अंगठी नको, बांगडी नको, कडं नको, दोरा नको. ओल्या दोऱ्यात जंतू बसतात, त्याला धर्म नाही. नवीन रेसिडेंट डॉक्टर पोरं येतात, मनगटात सहा-सहा पदरी लाल-पिवळे दोरे. ऑपरेशनआधी हात घासून धुताना वर सरकवतात, की परत खाली येतात. एका पोराला आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, काढ. तो म्हणाला, आईने शिर्डीहून आणला आहे. सिस्टर स्वतः दर गुरुवारी उपास करणाऱ्या, साईबाबांच्या पक्क्या भक्त. त्यांनी कात्री घेतली, दोरा कापला, एका कोऱ्या लिफाफ्यात घातला, त्यावर त्याचं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, देवघरात ठेव, पेशंटच्या पोटात नको. पोरगं गप्प.

केरळात २०२३ मध्ये मेडिकलच्या काही मुलींनी ओटीत हिजाबऐवजी लांब बाह्यांचे स्क्रब, म्हणजे ओटीतले कपडे, आणि डोकं झाकणारा सर्जिकल हूड मागितला होता. कॉलेजचा मुद्दा हाच, कोपराखाली हात मोकळे हवेत. मला त्यात डोकं झाकायची काहीच अडचण दिसत नाही. ओटीत आम्ही सगळ्याच डोकं झाकतो! बाह्यांची अडचण खरी आहे. एकाच मागणीतला अर्धा भाग द्यावा, अर्धा नाकारावा, आणि कारण सांगावं. कारण सांगितलं की माणूस ऐकतो. "प्रतिमा" हे मला कारण वाटत नाही.

लिंबू सरबत

सिस्टर, दंडवत. लिफाफ्यावर नाव लिहिणाऱ्या त्या बाईंना माझाही नमस्कार सांगा.

जुना फौजदार

सिस्टरबाईंचं बरोबर आहे, पण जंतू मोजता येतो, विश्वास मोजता येत नाही. म्हणून तो खोटा ठरत नाही.

नौदलाचं ताई पुन्हा पुन्हा सांगताहेत. नौदलाचा जवान समुद्रात जहाजावर असतो. त्याच्यासमोर गणपतीचं विसर्जन आणि मोहरमची मिरवणूक एकाच चौकात येत नाहीत. माझ्यासमोर आली आहेत, एकाच संध्याकाळी, वीस मिनिटांच्या फरकाने. तुमच्या त्या नियमाने सगळ्यांना दाढी दिलीत तर मुस्लिम शिपायाची दाढी मुस्लिम दिसणार आणि हिंदू शिपायाची नुसती स्टाईल दिसणार. धर्म न विचारता दिली तरी बघणारा धर्मच बघणार.

आणि लिंबू सरबत यांचा प्रश्न मी टाळलेला नाही, उत्तर जड आहे म्हणून वेळ घेतला. हो, तेव्हा खाकी कोरी होती आणि आत मनं कोरी नव्हती. मी पाहिलं आहे. नावं घेणार नाही. पण मनाचा टर्नआउट कोणाला घेता येत नाही, कपड्याचा घेता येतो. जे हातात आहे ते तरी सोडू नये असं माझं मत.

हवालदाराची लेक

काका, विसर्जन आणि मोहरमच्या चौकाला माझ्याकडे उत्तर नाही. रात्रभर विचार केला, सुचलं नाही. नौदलाचा नियम उचलून चौकात ठेवता येणार नाही हे मान्य. निदान तसाच्या तसा नाही. ब्रिटनच्या लष्कराने २०२४ मध्ये सगळ्यांनाच दाढीची मुभा दिली हे मी सांगणार होते, पण तुम्ही म्हणणार त्यांच्यासमोर हा चौक नाही.

तरीही एक आहे. तुम्ही श्रावणातली दाढी न्हाव्याकडे पाठवलीत. किती ठाण्यांत पाठवतात? श्रावणात दाढी वाढली की वरिष्ठ हसून विचारतात, काय, श्रावण का? चाचांना रमजानात दोन दिवसांची खुंटं होती तर लेखी खुलासा मागितला होता. तो खुलासाही बाबांनीच लिहून दिला. "आजारी असल्याने दाढी करता आली नाही" असं खोटं लिहावं लागलं. माळकऱ्याने खोटं लिहिलं, त्याची बोचणी बाबांना चाचांपेक्षा जास्त लागली. त्या एकादशीला ते कोणाशी बोलले नाहीत.

तुमच्यासारखा साहेब प्रत्येक ठाण्यात असता तर मी हा धागा काढलाच नसता. नियम तुमच्या हातात असतो तेव्हा एक असतो, आणि दुसऱ्याच्या हातात गेला की दोन होतात. दख्खनी सरदार म्हणाले तसं माप ठरवून लिहून ठेवा. एक इंच तर एक इंच, श्रावणालाही तेवढंच आणि रमजानालाही तेवढंच. किंवा कोणालाच नाही. मग दोराही नाही, गंधही नाही, आणि वारीतली फुगडी साध्या कपड्यांत. यातलं दुसरं झालं तरी मी तक्रार करणार नाही. पहिलं झालेलं आवडेल.

खडूस म्हातारा

शंभरी गाठणार नाही बहुतेक. लोक एकमेकांचं ऐकायला लागले.

राष्ट्रप्रेमी७७

मला कोणी नीट उत्तर दिलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

जुना फौजदार

ताई, लिहून ठेवा म्हणता ते मान्य. माप लिहिलेलं असावं. तोंडी हुकमावर मीही पुष्कळ भोगलं आहे.

एक विचारायचं राहिलं. चाचांचं पुढे काय झालं?

हवालदाराची लेक

काही नाही झालं, काका. रोज सकाळी दाढी करून ड्यूटीला जात राहिले. रिटायर झाल्यावर ठेवली. दोन वर्षांनी एसटी स्टँडवर बाबांना एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ दिसले, ते बाबांकडे बघत हसत होते. बाबांनी ओळखलंच नाही. चाचा पुढे आले, बाबांच्या शर्टाचं वरचं बटण उघडलं, माळ बाहेर काढून नीट शर्टावर ठेवली, आणि म्हणाले, आता कोण बघणार आहे टर्नआउट?